जुन्या डब्यावर नवा पैसा

जो पार्ट उद्या काढून पुढच्या मशीनमध्ये बसवता येणार नाही, तो जुन्या कॉम्प्युटरसाठी आज विकत घेऊ नका. या आठवड्याचं म्हणणं एवढंच. बाकीचा सगळा हिशेब आहे, आणि तो दुकानात कोणी करून देत नाही म्हणून इथे करायचा.

प्रश्न घरोघरचा आहे. २०२० साली शाळा घरात आली आणि लोकांनी मिळेल तिथून कॉम्प्युटर आणले. नवे परवडेनात, तेव्हा कुठल्यातरी ऑफिसातून निघालेले रिफर्बिश्ड डबे घरी आले. चौथ्या जनरेशनचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क. त्यांनी काम निभावलं, त्याबद्दल तक्रार नाही. आता तीच पोरं अकरावी-बारावीत, इंजिनिअरिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला आहेत. कोणाला व्हॅलोरंट खेळायचंय, कोणी मैत्रिणीकडे सायबरपंक बघून आलीय. घरचे म्हणतात, आहे त्यातच काहीतरी टाकून घे. पोरं म्हणतात, नवीनच असेंबल करू. दोन्ही बाजू तासन्‌तास बोलतात आणि झाकण मात्र कोणी उघडत नाही.

उघडा. एक-दोन स्क्रू असतात, काही डब्यांना तर नुसता खटका असतो. मेनची वायर काढा, पॉवरचं बटण दोन-चार सेकंद दाबून धरा, मग झाकण बाजूला करा. धूळ झटका आणि तीन गोष्टी बघा. पहिली, एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डबीच्या, स्टिकरवरचे वॉट. दुसरी, तिथून बोर्डाकडे जाणारा जाडा कनेक्टर. बाजारात मिळणाऱ्या साध्या एटीएक्स एसएमपीएसचा हा कनेक्टर चोवीस पिनांचा असतो. डेलच्या चौथ्या जनरेशनच्या ऑप्टिप्लेक्समध्ये तो आठ पिनांचा आहे, आणि डबा आडवा-बुटका असेल तर एसएमपीएस २५५ वॉटचा. तिसरी गोष्ट, कार्डाच्या स्लॉटमागची पत्र्याची पट्टी पूर्ण उंचीची आहे की अर्ध्या.

एवढ्याने निम्मा वाद मिटतो. बोर्डावरचा स्लॉट स्वतः जास्तीत जास्त ७५ वॉट देतो. त्याहून जास्त भूक असलेल्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी वायर लागते आणि या डब्यांत ती वायरच नसते. कमी बजेटच्या गेमिंगसाठी बरीच वर्षं ज्याचं नाव घेतलं जातं ते आरएक्स ६६०० कार्ड १३२ वॉट खातं, आठ पिनांची वायर मागतं आणि अर्ध्या उंचीच्या डब्यात शिरतच नाही. मग उरतात जीटीएक्स १६५०, आरएक्स ६४०० किंवा सहा जीबीवालं आरटीएक्स ३०५०, तीही बुटक्या आवृत्तीत. आणि बुटकी म्हणून त्यांचा भाव चढा. कोणी सुचवेल, चोवीसचे आठ करणारा कन्व्हर्टर लावा, मोठा एसएमपीएस डब्याच्या बाहेर ठेवा, झाकण उघडंच राहू द्या. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. त्यात धूळ, पाली आणि घरातलं लहान मूल यांचा विचार कोणी केलेला नसतो.

समजा, ७५ वॉटचं कार्ड बसवलंच. तरी चौथ्या जनरेशनचा आय-फाइव्ह २०१३ सालचा आहे. चार कोअर, चारच थ्रेड. सरासरी एफपीएस बरा दिसतो, पण जीटीएमध्ये गाडी गर्दीच्या चौकात घातली की चित्र अडखळतं. कार्ड मोकळं बसलेलं असतं आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांवर धापा टाकत असतो. मग दुकानदार सांगतो, याच बोर्डावर बसणारा जुना आय-सेव्हन टाका, आणखी आठ जीबी डीडीआर-३ टाका. हे दोन्ही पार्ट पुढच्या कुठल्याही मशीनमध्ये जाणार नाहीत. सॉकेट वेगळं, रॅमची खाच वेगळी. तो पैसा त्या डब्याबरोबरच भंगारात जाणार.

त्यातून विंडोज. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचं साधारण आठवं जनरेशन किंवा एएमडीचं रायझन २००० आणि पुढचं लागतं, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय. आडमार्गाने जुन्या मशीनवरही ११ चढवता येतं, पण त्यावर व्हॅलोरंट टीपीएम आणि सिक्युअर बूट तपासतं आणि नसेल तर दारातूनच परत पाठवतं. कार्ड कितीही चांगलं टाका, हा अडथळा कार्डाने सुटत नाही.

या डब्यात एकच गोष्ट टाकावी: साटा एसएसडी. हार्ड डिस्कवर मिनिटं खाणारं विंडोज त्यावर काही सेकंदांत सुरू होतं, आणि उद्या तीच एसएसडी दोन स्क्रू काढून नव्या मशीनमध्ये जाते. घरातला अभ्यास, बँकेची कामं, आईचं टायपिंग, धाकट्याचे व्हिडिओ यांना हा डबा मग अजून चार वर्षं पुरेल. त्यावर लिनक्स मिंट घातलं तर सिक्युरिटी अपडेटचाही प्रश्न राहत नाही. पण गेमिंगसाठी त्याच्यावर आणखी एक रुपयाही घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता ज्यांच्यावर राग आहे त्यांच्याकडे वळतो. ऑनलाइन बाजारात ‘गेमिंग पीसी’ शोधा. वीस-पंचवीस हजारांत, काचेचं कॅबिनेट, चार रंगीत पंखे, ‘इंटेल कोअर आय-सेव्हन, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ४ जीबी ग्राफिक कार्ड’. आय-सेव्हनच्या पुढे जनरेशनचा आकडा लिहिलेला नसतो, कारण तो दुसरा किंवा तिसरा असतो, म्हणजे २०११-१२ सालचा प्रोसेसर. बोर्ड एच-६१ चा, तोही त्याच काळातल्या चिपसेटवर. आणि ते चार जीबीचं कार्ड म्हणजे जीटी ७३०. हे कार्ड २०१४ सालचं, आणि तेव्हाही ते गेमिंगचं नव्हतं. त्याच्यावर डीडीआर-३ मेमरी, म्हणजे चार जीबी असूनही उपयोग नाही, कारण ती इतकी हळू आहे की गेमला हवं ते वेळेत पोचतच नाही. या कार्डाच्या केप्लर पिढीला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणं एनव्हिडियाने २०२१ मध्ये बंद केलं. दुसऱ्या-तिसऱ्या जनरेशनच्या प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स-२ हा सूचनांचा संच नाही, त्यामुळे काही नवे गेम हळू चालण्याचा प्रश्नच येत नाही, ते सुरूच होत नाहीत. २०२२ साली आलेला बाराव्या जनरेशनचा साधा आय-थ्री या आय-सेव्हनला सहज मागे टाकतो.

ही फसवणूक आहे. कायद्याच्या भाषेत ती बसेल-न बसेल, पण ज्या घरात वीस हजार रुपये दोन वर्षं बाजूला टाकून जमतात, त्या घराला ‘सेव्हन’ हा आकडा दाखवून चौदा-पंधरा वर्षांपूर्वीचा प्रोसेसर विकणं याला दुसरं नाव नाही. विकणाऱ्याला सगळं माहीत असतं. घेणाऱ्या वडिलांना कळतं ते तिसऱ्या दिवशी, पोरगं गप्प बसतं तेव्हा. परत करायला जावं तर उत्तर तयार: मशीन चालू आहे ना?

म्हणून नियम पाठ करा. जनरेशन विचारल्याशिवाय आय-किती हे ऐकायचं नाही. मॉडेल विचारल्याशिवाय कार्डाचे जीबी ऐकायचे नाहीत.

ज्यांच्या घरचं मशीन डीडीआर-४ वर आहे, त्यांची गोष्ट पूर्ण वेगळी, आणि गेल्या वर्षात ती आणखी वेगळी झाली. २०२५ च्या सुरुवातीला १६ जीबी डीडीआर-४ तीनेक हजारांत मिळत होती. वर्ष संपेपर्यंत भाव दुपटीच्याही वर गेले. कारण आपल्या दुकानात नाही. जगात मेमरी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या सर्व्हरना लागणाऱ्या मेमरीत नफा जास्त, म्हणून कारखाने तिकडे वळले आणि घरगुती रॅमचा वाटा आटला. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने ग्राहकांसाठीचा क्रुशल हा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. कितीतरी घरांत अगदी स्वस्तातल्या मशीनमध्ये हीच रॅम होती. कोणाच्या तरी चॅटबॉटसाठी इचलकरंजीतल्या पोराची रॅम महाग व्हावी, हे मला पटत नाही. पण खरेदीचा हिशेब आजच्या भावानेच करावा लागतो. आणि तो सांगतो की जुन्या मशीनमधली चांगली डीडीआर-४ काढून विकू नका, फेकू नका. ती पुढे नेता येते.

एएमडीच्या एएम-४ सॉकेटचे बोर्डवाले यात सगळ्यात नशीबवान. २०१८ सालचा बी-४५० बोर्ड, त्यावर रायझन ३ २२००जी किंवा रायझन ५ २६००, १६ जीबी रॅम, असं मशीन ज्यांच्याकडे आहे त्यांनी नव्या पीसीचा विषय घरात काढूच नये. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर आपल्या मॉडेलसमोर रायझन ५ ५६०० चं नाव आहे का ते बघा. असेल तर जुना प्रोसेसर बसलेला असतानाच आधी बायोस अपडेट करा, मग प्रोसेसर बदला. क्रम उलटा केला तर स्क्रीन काळीच राहील. आणि बायोसचं काम यूपीएसवरच करा. अपडेट अर्ध्यावर असताना वीज गेली तर बोर्ड कायमचा मुका होऊ शकतो, आणि आपल्याकडे वीज कधी जाईल याची खात्री महावितरणही देणार नाही. त्यावर आरएक्स ६६०० सारखं कार्ड आणि एक नीट एसएमपीएस. यातला प्रोसेसर हा माझ्या नियमाला एकच अपवाद, बाकी सगळं पुढच्या मशीनमध्ये जाऊ शकतं. २०२२ सालचा प्रोसेसर २०१८ च्या बोर्डावर बसू देणं ही एएमडीने सामान्य ग्राहकाची केलेली मोठी सोय आहे.

आठव्या-नवव्या जनरेशनचा इंटेल असेल तर विंडोज ११ चालतं, रॅमही डीडीआर-४ च. फक्त कार्ड आणि एसएमपीएस बघा. विंडोज ११ च्या अटीत न बसणारं सहावं-सातवं मधल्यामध्ये लटकतं. तिथे कार्ड घ्या, पण पुढच्या बोर्डाचा विचार करून घ्या. बाराव्या जनरेशनचे डीडीआर-४ चालणारे बोर्ड निघालेत, तेव्हा आजची रॅम तिथेही जाईल.

जुन्या बोर्डावर कार्ड निवडताना दोन नावांपासून जपा. आरएक्स ६५०० एक्सटी दिसायला स्वस्त, पण ते स्लॉटच्या सोळापैकी चारच लेन वापरतं. नव्या बोर्डावर निभतं, जुन्या पीसीआय ३.० वर वेग चांगलाच पडतो. इंटेलचं आर्क बी-५८० हे १२ जीबीचं उत्तम कार्ड. मात्र रिसायझेबल बार ही सोय नसलेल्या बोर्डावर किंवा जुन्या प्रोसेसरबरोबर ते आपला जोर दाखवत नाही. नवीन मशीनसाठी ठीक, जुन्यासाठी नको. सेकंडहँड बाजारात आरएक्स ५८० पुष्कळ. इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झालं आणि तिथे रात्रंदिवस तापलेली कार्डं बाजारात उतरली. त्यातच ‘२०४८एसपी’ नावाची कापलेली आवृत्ती मूळ ५८० म्हणून खपवली जाते. घ्यायचंच असेल तर समोर अर्धा तास गेम चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

डीडीआर-३ वाल्यांना गेमिंगसाठी नवीन पीसी बांधावाच लागेल, हे वरच्या हिशेबातून निघतंच. पण एकदम सगळा बांधायला हवा असं कोणी सांगितलं? रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आतच आहे. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, जीटीए ५ हे सगळे कमी सेटिंगवर त्यावर चालतात. रॅम मात्र आठ-आठच्या दोन पट्ट्या घ्या, सोळाची एक नको. आतलं ग्राफिक्स रॅमच्या वेगावर जगतं आणि एका पट्टीत त्याचा श्वास कोंडतो. आधी बोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस घ्या. एसएसडी जुन्या डब्यातून आणा. मॉनिटर आहे तोच ठेवा. कार्ड पुढच्या वर्षी, स्कॉलरशिप येईल तेव्हा किंवा दिवाळीला. एएम-५ जास्त टिकेल, एएमडीने त्याला २०२७ आणि पुढेपर्यंतचा शब्द दिलाय, पण त्याला डीडीआर-५ लागते आणि आजच्या भावात ती कमी बजेटच्या घराने घ्यावी असं मी म्हणणार नाही.

एसएमपीएसवर मात्र हात आखडता घेऊ नका. कॅबिनेटबरोबर ‘४५० वॉट’ असा स्टिकर लावून जो येतो, तो कार्डाच्या जिवावर उठतो. ८० प्लस ब्राँझचा, ओळखीच्या कंपनीचा, ५५० वॉटचा घ्या. तो या मशीनला पुरेल, पुढच्यालाही पुरेल. पैसे कमी पडत असतील तर काचेचं कॅबिनेट आणि रंगीत पंखे काढा. समोर काच म्हणजे हवेला वाट नाही. अकोल्यात, नागपुरात मे महिन्यात खोलीच चाळिशीत असते. तिथे समोर जाळीचं, कुरूप, स्वस्त कॅबिनेट लागतं.

पोरांनाही एक सांगायचंय. ‘जीटीए ६ येतोय म्हणून पीसी हवा’ असं घरी सांगू नका. तो नोव्हेंबर २०२६ साठी जाहीर झालाय तो प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्ससाठी. पीसीची तारीखच दिलेली नाही. जीटीए ५ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला आणि पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये. न आलेल्या गेमसाठी आज कार्ड घेणं म्हणजे ते दीड वर्ष जुनं करून वापरायला काढणं. उलट, आज आलेले काही गेम कार्डाचं वय आधीच विचारतात. इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आणि डूम: द डार्क एजेस हे दोन्ही रे ट्रेसिंगचं हार्डवेअर नसलेल्या कार्डावर चालत नाहीत. जीटीएक्स १६५० तिथे बाद, आरएक्स ६६०० काठावर पास.

आणि ‘अभ्यासासाठी पाहिजे’ हेही नको. गेम खेळायचाय हे कारण पुरेसं आहे. क्रिकेटची बॅट अभ्यासासाठी आहे असं कोणी सांगत नाही. खरं कारण सांगितलं की घरचेही खरं बजेट सांगतात, आणि दोघं मिळून यादी करता येते. खोटं सांगितलं की वडील अभ्यासाचा कॉम्प्युटर आणतात, मग त्यात कार्ड बसत नाही, मग वर्षभर भांडण. गेम म्हणजे वाया गेलेला वेळ असं मानणाऱ्यांनी पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ बघावा. २०२० मध्ये तो जगभर गेला. तो बनवणारी मंडळीही कधीतरी घरातल्या कॉम्प्युटरवर गेम खेळतच मोठी झाली असणार.

शेवटी खरेदी. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनवरून लॅमिंग्टन रोडला चालत जा, किंवा आपल्या गावातल्या दुकानात. पण तीन ठिकाणचं कोटेशन कागदावर घ्या. ‘बिल नको असेल तर कमी करून देतो’ असं कोणी म्हटलं तर तो १८ टक्के जीएसटी वाचवतोय आणि तुमची तीन वर्षांची वॉरंटी काढून घेतोय. कार्डाचा, बोर्डाचा आणि एसएमपीएसचा सिरियल नंबर बिलावर लिहून घ्या, घरी येऊन खोक्यावरच्या नंबराशी जुळवा, खोकी फेकू नका. कोटेशनवर ‘४ जीबी कार्ड’, ‘आय-सेव्हन’, ‘४५० वॉट एसएमपीएस’ एवढंच लिहिलं असेल तर पूर्ण मॉडेल लिहून मागा. दुकानदार लिहून देत नसेल तर कागद तिथेच ठेवा आणि पुढच्या दुकानात जा.